वेबसाइटवर टाकायचे फोटो नेमके कसे तयार करायचे? (चित्रांची साइट आहे, पान उघडता उघडत नाही)

रेघोट्या

नमस्कार मंडळी. ताई चित्रं काढते, तिच्या कामाची एक साधी साइट करून देतोय. वर्डप्रेस वगैरे काही नाही, पानं हातानेच लिहिलीयेत, एचटीएमएल-सीएसएस जेवढं येतं तेवढ्यावर भागवलंय आणि ते जमलंय पण, गाडी अडलीये ती फोटोंवर. सगळे फोटो मोबाइलचे नाहीतर कॅमेऱ्याचे, एकेक ४००० बाय ३००० पिक्सेलचा, सहा-सात एमबीचा, आणि गॅलरीच्या पानावर असे तीस. वायफायवर पान कसंबसं उघडतं, मोबाइल डेटावर मात्र चित्र वरून पट्टी पट्टी करत खाली उतरत राहतं आणि तोवर बघणारा निघून गेलेला असतो.

इकडंतिकडं विचारलं तर प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणतो ७२ डीपीआय कर म्हणजे झालं, दुसरा म्हणतो पीएनजी कर क्वालिटी जात नाही (तसं केल्यावर तोच फोटो वीस एमबीच्या वर गेला, हे काय गौडबंगाल?), तिसरा म्हणतो जेपेगचा जमाना गेला, वेबपी कर, चौथा म्हणतो वेबपी पण जुनं, एव्हीआयएफ कर.

शिवाय काही फुटकळ भानगडी आहेत. दोन फोटो फोनमध्ये सरळ दिसतात, एका ऑनलाइन कॉम्प्रेसरमधून काढले की साइटवर आडवे पडतात. एका प्रदर्शनाचं पोस्टर आहे, त्यावरच्या मराठी अक्षरांच्या कडेनं घाण आल्यासारखं दिसतं. पेन्सिलची आणि शाईची स्केचेस स्कॅन करून ठेवलीयेत त्यांचं काय करायचं कळत नाही. आणि सगळ्यात मोठी तक्रार ताईची, ती म्हणते हा माझा लाल नाहीच, तू काहीतरी केलंयस.

कुणीतरी नीट क्रमाने सांगा ना.

बाइटभर

फॉरमॅटचा वाद तूर्त बाजूला ठेवा. तुमचा प्रश्न फॉरमॅटचा नाहीच्चे, पिक्सेलचा आहे.

हिशोब बघा. गॅलरीत एक चित्र पडद्यावर किती रुंद दिसतंय? मोबाइलवर साधारण ४०० सीएसएस पिक्सेल (म्हणजे पान मांडताना ब्राउझर धरतो ते पिक्सेल, स्क्रीनचे खरे ठिपके नव्हेत). हल्लीच्या स्क्रीन दाट असतात म्हणून दुप्पट धरा, ८००. तुम्ही पाठवताय ४०००. रुंदी पाच पट, उंचीही पाच पट, म्हणजे लागतात त्याच्या पंचवीस पट पिक्सेल तुम्ही पाठवताय आणि ब्राउझर बिचारा ते सगळे डाउनलोड करून, उलगडून, परत दाबून छोट्या चौकटीत बसवतोय. तीस फोटो म्हणजे दोनशे एमबीच्या आसपास झालं की हो.

आणि हे फक्त डाउनलोडचं. फाइल कितीही दाबलेली असली तरी पडद्यावर दाखवायच्या आधी ती मेमरीत पूर्ण उघडावी लागते, दर पिक्सेलला चार बाइट. ४००० बाय ३००० म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल, म्हणजे ४८ एमबी मेमरी, एका फोटोला! फाइल एव्हीआयएफ करून २०० केबीवर आणलीत तरी ही ४८ एमबी तिथंच राहते, कारण पिक्सेल तेवढेच आहेत. तोच फोटो ८०० बाय ६०० केलात की दोन एमबीसुद्धा लागत नाही. स्वस्तातल्या फोनवर गॅलरी स्क्रोल करताना अडखळते ना, ते बरेचदा यामुळं.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक चित्राच्या दोन आवृत्त्या करा. गॅलरीसाठी ८०० पिक्सेल रुंद, चित्रावर क्लिक केल्यावर मोठं दिसायला १६०० (लांब बाजू). काही फोनची स्क्रीन तिप्पट दाट असते पण तिथं दुप्पट आणि तिप्पट यातला फरक फोटोत डोळ्याला कळत नाही, तिप्पटीच्या मागं लागू नका. मूळ फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये, त्यांना हात लावायचा नाही. जेपेग परत परत उघडून सेव्ह केलं की दर वेळी थोडं आणखी खराब होतं, त्यामुळं काहीही नवीन करायचं झालं तर मूळावरूनच करायचं, आधी लहान केलेल्यावरून नाही.

७२ डीपीआय: विसरा. तो फाइलमध्ये लिहिलेला एक आकडा आहे, छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे ते सांगणारा. ब्राउझर बघतो पिक्सेल. ४००० पिक्सेलचा फोटो ७२ लिहा की ३०० लिहा, तेवढाच जड आणि तेवढाच मोठा. मग लोकांना हा उपाय लागू का पडतो? कारण फोटो एडिटरमध्ये ३०० चं ७२ करताना ‘रिसॅम्पल’ची टिक लागलेली असते, मग प्रोग्रॅम खरोखरच पिक्सेल कमी करतो, आणि श्रेय जातं डीपीआयला.

सावळागोंधळ

एवढं कशाला, सगळं एव्हीआयएफ करून टाका, क्वालिटी ५० ठेवा, विषय संपला. मी सगळीकडं तेच करतो. जेपेग १९९२ चं आहे राव.

बाइटभर

> सगळं एव्हीआयएफ करून टाका

१९९२ चं आहे म्हणूनच प्रत्येक यंत्रात उघडतं की. एव्हीआयएफ चांगलंच आहे, वाद नाही, पण ते क्रोममध्ये आलं २०२० ला, फायरफॉक्समध्ये २०२१, सफारीत २०२२ आणि एजमध्ये तर २०२४ च्या जानेवारीत. जुना टॅब्लेट घेऊन बसलेला माणूस असतोच कुठंतरी. म्हणून एव्हीआयएफ द्यायचं असेल तर पिक्चर टॅगमध्ये द्या आणि आत शेवटी साधा इमेज टॅग जेपेगचा ठेवा, ज्याला जे कळतं ते तो उचलतो. एकच फॉरमॅट ठेवायचा तर आजच्या घडीला वेबपी हा मधला मार्ग.

आणि दुसरं, ही चित्रांची साइट आहे. एव्हीआयएफ कमी क्वालिटीला चौकोन चौकोन नाही पाडत, ते गुळगुळीत करतं. निसर्गदृश्याच्या फोटोत चालून जातं. कॅनव्हासचा पोत, कोरड्या ब्रशचे फराटे, कागदाचा खरखरीतपणा, हेच पुसलं गेलं तर चित्रात उरलं काय? लोक म्हणतात ‘किती स्वच्छ दिसतंय’, आणि चित्रकाराच्या पोटात गोळा येतो. इथं ५० पर्यंत खाली जाऊ नका, ६५-७० पासून सुरू करा आणि मूळ चित्र शेजारी ठेवून डोळ्याने बघा.

बाय द वे ते क्वालिटीचे आकडे म्हणजे टक्के नव्हेत. ८० म्हणजे ८० टक्के चित्र राहिलं असं काही नसतं. जेपेगचा ८०, वेबपीचा ८० आणि एव्हीआयएफचा ८० या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जेपेगमध्येसुद्धा एका प्रोग्रॅमचा ८० दुसऱ्याशी जुळत नाही, फोटोशॉपच्या एका खिडकीत तर मोजपट्टीच बारापर्यंतची आहे. जेपेगला ७५ ते ८५ मध्ये कुठंतरी बहुतेक फोटो बरे बसतात. ९५ च्या पुढं फाइल झपाट्याने फुगते आणि डोळ्याला काही मिळत नाही.

तुमच्या पीएनजीचं गौडबंगाल: पीएनजी एकही पिक्सेल बदलत नाही, शेजारशेजारच्या पिक्सेलमधलं साम्य शोधून जागा वाचवतं. कॅमेऱ्याच्या फोटोत दोन शेजारी सहसा सारखे नसतातच, सपाट भिंतीतही बारीक कणकण असते, मग वाचवणार काय. सपाट रंग, स्क्रीनशॉट, तक्ते, आयकॉन, पारदर्शक पार्श्वभूमी, तिथं पीएनजी राजा आहे.

छायाप्रकाश

रंगाबद्दल मी सांगते, कारण हे दुखणं रोजचं आहे.

तुमच्या ताईचं म्हणणं बहुतेक खरंय. फोटोच्या फाइलमध्ये आकड्यांबरोबर एक कलर प्रोफाइल असतं, हे आकडे कुठल्या रंगमापाने वाचायचे ते सांगणारं. आयफोन आणि बरेचसे नवे फोन डिस्प्ले पी३ मध्ये काढतात, कॅमेऱ्यात कुणी अडोबी आरजीबी लावून ठेवलेलं असतं, आणि वेबचं ठरलेलं माप आहे एसआरजीबी, एचपी आणि मायक्रोसॉफ्टनी १९९६ मध्ये काढलेलं. आता काय होतं, ऑनलाइन कॉम्प्रेसर चार केबी वाचवायला ते प्रोफाइल फेकून देतो पण आकडे तसेच ठेवतो. प्रोफाइल नसलेली फाइल ब्राउझर एसआरजीबीच समजून वाचतो, की लाल मेलाच, हिरवाही फिका. आकडे बरोबर, वाचायचं माप चुकीचं.

म्हणून आधी एसआरजीबीमध्ये ‘कन्व्हर्ट’ करायचं. ‘असाइन’ नाही हां. असाइन म्हणजे नुसती पाटी बदलणं, आकडे तेच राहतात, कन्व्हर्टमध्ये रंग तोच ठेवून आकडे नवीन मापात लिहिले जातात. दोन्ही मेनूत शेजारी शेजारी असतात आणि लोक हमखास चुकीचं दाबतात. कन्व्हर्ट झाल्यावर एसआरजीबी प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्या, दोन-तीन केबीच्या वर जात नाही.

छपाईवाल्याकडून आलेल्या फाइल्स असतील (तुमचं पोस्टर?) तर त्या सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांचं रंगमाप) आहेत का तेही बघा, सीएमवायके जेपेग ब्राउझरमध्ये कधी भडक दिसतं कधी मळकट, त्याचं आरजीबी करूनच पुढं जायचं.

एवढं करूनही ताईच्या फोनवर एक लाल आणि बघणाऱ्याच्या लॅपटॉपवर दुसरा लाल दिसणार, रात्रीचा पिवळा फिल्टर लावून बसलेल्याला तर तिसराच. तिथं आपला इलाज नाही, ताईला हे आधीच सांगून ठेवा म्हणजे पुढची भांडणं वाचतील. आणि फोटो काढतानाच ट्यूबलाइटखाली काढला असेल तर प्रोफाइल काही करू शकत नाही, खिडकीशी, ऊन थेट न पडता, चित्राच्या शेजारी एक पांढरा कागद धरून काढा, नंतर त्या कागदावरून व्हाइट बॅलन्स लावता येतो.

आडवे पडणारे फोटो: फोन उभा धरला तरी सेन्सर आपला आडवाच लिहितो आणि एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच लपलेली माहिती) नोंद करतो की हे इतकं फिरवून दाखवा. २०२० पासूनचे ब्राउझर ती नोंद मानतात. तुमच्या कॉम्प्रेसरनं एक्झिफ पुसला आणि पिक्सेल फिरवले नाहीत, झालं. आधी फिरवायचं, मग पुसायचं, हा क्रम उलटा करायचा नाही. पुसायचं मात्र नक्की, कारण त्याच एक्झिफमध्ये लोकेशन चालू असेल तर घराचे अक्षांश-रेखांश असतात आणि ते अख्ख्या जगाला वाटायचं काही कारण नाही.

अजून एक बारीकसं. फोटो लहान केला की थोडा मऊ पडतो, तेव्हा लहान केल्यानंतर हलकंसं शार्पन द्या. आधी देऊन उपयोग नाही, लहान करताना ते जातं. आणि हलकंसं म्हणजे खरंच हलकंसं, कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की जास्त झालं.

उंटावरचा शहाणा

मला काही हा खटाटोप पटत नाही. नेट आता सगळीकडं फास्ट झालंय, चित्रकाराची साइट आहे तर चित्र मोठ्यात मोठं दाखवा की. लोक चित्र बघायला येतात, तुमचे केबी मोजायला नाही.

निवांत

@उंटावरचा शहाणा, चित्र बघायला येतात हे खरंय पण चित्र आलं तर बघतील ना. शिवाय १६०० पिक्सेलची चौकट बहुतेकांच्या पडद्यापेक्षा लहान नसतेच, ४००० पाठवून त्यांना जास्तीचं काय दिसणार? उलट एक वेगळा मुद्दा, ४००० पिक्सेलची स्वच्छ फाइल साइटवर ठेवली म्हणजे कुणीही ती उतरवून छापून भिंतीवर लावू शकतो. राइट क्लिक बंद करण्याचे वगैरे जे कोड मिळतात ते कुचकामी आहेत, पडद्यावर जे आलं ते त्या माणसाच्या मशीनमध्ये आलेलंच असतं. मोठी फाइल न ठेवणं एवढाच खरा उपाय.

@रेघोट्या, पोस्टरबद्दल. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात बारीक तपशील जरा ढिला करतं. आकाशात, गालावर ते खपतं. पण काळ्या-पांढऱ्याची धारदार कड आली की त्या चौकोनभर तरंग उठल्यासारखे ठिपके पसरतात, तीच तुमची घाण. आपल्या लिपीला हे जास्तच जाचतं कारण शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, वेलांट्यांची टोकं अशी सगळी बारीक नक्षी दाटीने असते, लहान आकारात अनुस्वार तर चक्क विरघळतो. त्यात पिवळ्यावर लाल अक्षरं असतील तर आणखी एक: जेपेग सहसा रंगाची माहिती २ बाय २ पिक्सेलला मिळून एकच ठेवतं, उजेडाची मात्र प्रत्येक पिक्सेलची. म्हणून रंगीत अक्षरांच्या कडा ओघळतात. एडिटरमध्ये ‘सबसॅम्पलिंग’ असा पर्याय असेल तर ४:४:४ करा, कडा सुधारतात. वेबपीच्या नेहमीच्या प्रकारात हा पर्यायच नाही, तिथं ४:२:० च असतं, तेव्हा असल्या पोस्टरला लॉसलेस (काहीच न गाळणारं) वेबपी नाहीतर पीएनजी. रंग मोजकेच असतील तर २५६ रंगांचं पीएनजी करून बघा, फाइल बरीच खाली येते.

पण माझं विचाराल तर पोस्टरमधला मजकूर चित्रात ठेवूच नका. तारीख, वेळ, जागा हे पानावर सरळ अक्षरांत लिहा, पोस्टर शोभेला शेजारी लहान असू दे. चित्रातलं अक्षर स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वाचत नाही, मोबाइलवर मोठं करून वाचताना फाटतं, कुणाला तारीख कॉपी करायची तर जमत नाही, आणि सर्चमध्ये सापडेल याचाही भरवसा नाही.

आणि इमेज टॅगमधलं अल्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, विसरू नका. ‘चित्र ७’ किंवा फाइलचंच नाव असलं अल्ट देण्यापेक्षा एका वाक्यात चित्रात काय आहे ते लिहा, माध्यम लिहा. जी चित्रं निव्वळ सजावटीची आहेत, किनारी, ठिपके वगैरे, त्यांना अल्ट रिकामं ठेवायचं, गाळायचं नाही. गाळलं की काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव अक्षर अक्षर वाचत बसतात.

रेघोट्या

बापरे, एकदम खजिनाच. धन्यवाद सगळ्यांना. दोन-तीन शंका. एक तर तीस गुणिले दोन फाइल्स हाताने करायच्या म्हणजे वाट लागेल, आणि अनोळखी साइटवर चित्रं अपलोड करायला ताईचा सक्त नकार आहे. दुसरं स्केचेसचं राहिलं. तिसरं, एचटीएमएलमध्ये काय बदल करायचा?

आणि हो, आयफोनवरून आलेल्या काही फाइल्स एचईआयसी आहेत, त्या साइटवर दिसतच नाहीत.

बाइटभर

एचईआयसी सफारी सोडून कुणीच दाखवत नाही, त्या आधी जेपेग करून घ्या. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवलंत तर पुढचे फोटो थेट जेपेगच निघतील.

अपलोड न करता करायचं तर एकेक करून बघायला स्क्वूश बेस्ट. ते ब्राउझरमध्ये उघडतं पण काम तुमच्याच मशीनवर होतं, फाइल बाहेर जात नाही, आणि मधली पट्टी सरकवून आधीचं-नंतरचं शेजारी दिसतं. तीन-चार वेगवेगळ्या स्वभावाची चित्रं घ्या (एक गडद, एक पोताचं, एक सपाट रंगांचं), त्यांच्यावर क्वालिटीचा आकडा ठरवा. मग तो आकडा घेऊन सगळ्यांना एकदम लावायला एक्सएनकन्व्हर्ट, खिडक्याबिडक्यांचं आहे, सोपं आहे.

कमांड लाइनची भीती नसेल तर इमेजमॅजिक. त्यात काही खाचाखोचा आहेत तेवढ्या ऐका. मोग्रिफाय ही कमांड मूळ फाइलवरच लिहिते, तेव्हा वेगळ्या फोल्डरच्या कॉपीवरच चालवा. ऑटो-ओरिएंट आधी द्या म्हणजे आडव्याउभ्याचा प्रश्न मिटला. स्ट्रिप दिलंत तर एक्झिफबरोबर कलर प्रोफाइलही उडतं, म्हणजे छायाप्रकाश म्हणतायत तो घोळ, म्हणून एसआरजीबीमध्ये रूपांतर त्याच्या आधी झालेलं पाहिजे. रिसाइझचं माप देताना १६०० बाय १६०० च्या पुढं ‘पेक्षा मोठं’ची खूण टाका, मग फक्त मोठे फोटो लहान होतात आणि आधीच लहान असलेले ताणले जात नाहीत. ते माप अवतरणात लिहा, नाहीतर शेल त्या खुणेचा वेगळाच अर्थ लावतो आणि भलत्याच नावाची फाइल तयार होते. आणि क्वालिटी स्पष्ट सांगा, नाही सांगितली तर ते मूळ जेपेगची क्वालिटी ओळखून तीच लावतं, मग लोक म्हणतात लहान केली तरी फाइल जडच.

आता एचटीएमएल. इमेज टॅगमध्ये विड्थ आणि हाइट लिहाच, आणि सीएसएसमध्ये मॅक्स-विड्थ शंभर टक्के, हाइट ऑटो. पूर्वी लोक म्हणायचे रिस्पॉन्सिव्ह साइटला ते आकडे नकोत, पण २०१९-२० पासून ब्राउझर त्यावरून चित्राचं गुणोत्तर काढून जागा आधीच राखून ठेवतात, म्हणजे वाचता वाचता पान खाली ढकललं जात नाही. गूगल या ढकलाढकलीला सीएलएस म्हणतं आणि ०.१ च्या आत असावं असं सांगतं.

लोडिंग लेझी लावा (म्हणजे स्क्रोल करत जवळ आल्यावरच चित्र उतरतं), पण पान उघडल्या उघडल्या वर दिसतात त्या चित्रांना नाही! सरसकट सगळ्यांना लेझी लावून ठेवतात आणि मग मुख्य चित्रच शेवटी येतं. उलट त्या एकाला फेचप्रायॉरिटी हाय द्या. पानातलं सगळ्यात मोठं काही दिसायला अडीच सेकंदांच्या वर लागू नये असा गूगलचा दंडक आहे.

सोर्ससेटमध्ये ८०० आणि १६०० दोन्ही फाइल्स द्या, ब्राउझर आपल्या पडद्याप्रमाणे निवडतो. फक्त त्याच्या जोडीला साइझेस लिहायला विसरू नका, नाहीतर ब्राउझर समजतो की चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचं आहे आणि तीन रकान्यांच्या गॅलरीतही मोठीच फाइल उचलतो. सगळ्यात जास्त घोळ इथं होतो आणि कुणाला दिसत नाही, कारण पान दिसायला बरोबरच दिसतं. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडून कुठली फाइल आली ते बघा.

फाइलची नावं सगळी छोट्या इंग्रजी लिपीत, मध्ये डॅश, स्पेस नको. विंडोजवर कॅपिटल-स्मॉल चालून जातं, लिनक्सच्या सर्व्हरवर ती दोन वेगळी नावं. मराठीत नाव दिलं तरी चालतं म्हणा, पण लिंक कॉपी केली की प्रत्येक अक्षराचे, मात्रेसकट, टक्क्याच्या खुणांसह नऊ नऊ कॅरेक्टर होतात आणि ती लिंक कुणाला पाठवायची सोय राहत नाही.

छायाप्रकाश

स्केचेसचं: शाईचं आणि पेन्सिलचं वेगळं धरा.

शाईचं काम म्हणजे काळं आणि पांढरं. स्कॅनमध्ये कागद पांढरा दिसला तरी तो पांढरा नसतो, हजार प्रकारचे करडे-पिवळे असतात आणि फाइल त्यानंच फुगते. लेव्हल्समध्ये पांढरा बिंदू इतका ओढा की कागद खरोखर २५५ (म्हणजे पूर्ण पांढरा) होईल, मग ग्रेस्केल करून १६ छटांचं पीएनजी. फाइल बघून आश्चर्य वाटेल.

पेन्सिलला हे करायचं नाही. फिकी रेघ आणि कागद यांत फरकच थोडा असतो, पांढरा ओढला की पहिल्यांदा तीच जाते. तिथं ग्रेस्केल जेपेग किंवा वेबपी, क्वालिटी ८५ च्या आसपास, कागदाचा रंग असू द्या, बरा दिसतो.

ताईची सही लोगो म्हणून वापरणार असाल तर एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेघांच्या आकारांनी बनलेली फाइल) करून घ्या, कितीही मोठी केली तरी फाटत नाही. टाइप केलेलं नाव असेल तर एसव्हीजी करताना अक्षरांचं पाथमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत) रूपांतर करा, नाहीतर समोरच्याकडं तो फाँट नसला की भलतंच अक्षर दिसतं.

सावळागोंधळ

एव्हीआयएफवर माझं मत कायम आहे, पण पोताचा मुद्दा मान्य. आत्ता एका जलरंगाच्या फोटोवर ५० आणि ७० करून बघितलं, ५० ला कागदाचे दाणे गायब. फोटोंना मात्र ५० च ठेवणार.

रेघोट्या

केलं सगळं. एक्सएनकन्व्हर्ट वापरलं, जेपेग ८२ आणि जोडीला वेबपी. गॅलरीचं पूर्ण पान आता साडेतीन एमबीच्या आत आहे आणि लेझीमुळं सुरुवातीला त्यातलं पाव सुद्धा येत नाही. लालचं निदान पण बरोबर निघालं, फोनच्या फाइल्स पी३ मध्ये होत्या. ताईनं बघितलं, ‘आता जवळपास आलाय’ म्हणाली.

एकच हट्ट आहे तिचा. दोन-तीन तैलचित्रांत रंगाचा थर जाड आहे, तो लोकांना जवळून दिसावा. १६०० मध्ये तेवढं दिसत नाही. झूमचं काहीतरी टाकू का?

बाइटभर

दोन-तीन चित्रांसाठी झूमची लायब्ररी नका आणू, तिचंच वजन फोटोंपेक्षा जास्त व्हायचं. मूळ फाइलमधून त्या जाड थराचा १२०० बाय ९०० चा तुकडा कापा, लहान न करता, आणि मोठ्या चित्राच्या खाली ‘तपशील’ म्हणून लावा. क्वालिटी इथं ८८-९० चालेल, एकच तर आहे.

छायाप्रकाश

तुकड्यासाठी शक्य असेल तर नवीन फोटो काढा, उजेड एका बाजूने तिरका पडेल असा. समोरून उजेड आला की थराची सावली पडत नाही आणि जाडी कळतच नाही, मग पिक्सेल कितीही असू देत.